रविवारची गोळी

आठवड्याला एक. रविवारी, उपाशीपोटी,
मोठा ग्लासभर साधं पाणी,
चहा नाही, दूध नाही,
आणि गिळल्यावर अर्धा तास
आडवं व्हायचं नाही, वाकायचं नाही.

आई हसली.
“पन्नास वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं,
बायनाबाई, वाकू नकोस.”

श्रावणात मोरीत पाय सरकला, मनगट मोडलं.
बेळगावला यंत्राखाली निजवून हाडं मोजली.
आकडा आला उणे तीन पॉइंट एक.
“उणे म्हणजे?”
मी म्हटलं, असायला हवं त्याच्या खाली.
“मग पगारासारखंच की,” ती म्हणाली.

खोक्यातून आठ घड्यांचा कागद निघाला,
अक्षर खसखशीएवढं, सगळं इंग्रजी.
मेडिकलच्या इराण्णानं ते कन्नडात सांगितलं,
मी तिच्यासाठी मराठीत आणलं.
तीन भाषांतून चाळून
चाळणीवर एकच शब्द राहिला.

रात्री मोबाईल छातीशी धरून वाचत बसले.
अन्ननलिकेचा. काही अभ्यासांत दिसला,
काहींत शोधून सापडला नाही.
गोळी नळीत अडकली तर जाळते,
त्यासाठी ते पाणी, त्यासाठी ते उभं राहणं.
आणि पुढच्याच पानावर उलटं:
या गोळ्या घेणाऱ्या बायकांत
स्तनाचा जरा कमी आढळला,
गोळीमुळेच का, ते ठरलेलं नाही.
दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा चार्जिंग संपलं.

गल्लीचं मात्र ठरलं होतं.
मल्लव्वानं दोन वर्षं हीच गोळी खाल्ली,
मग घास उतरेना, मग पाणी उतरेना,
पाडव्याच्या आधी गेली.
गोळीनं खाल्लं तिला, म्हणतात नळावर.

मल्लव्वा दोन वेळा मशेरी लावायची.
आणि अठ्ठावीस वर्षं
निपाणीतल्या वखारीत आईच्या शेजारी बसून
तंबाखू चाळायची.
खकाणा पापण्यांवर, भाकरीवर,
अंगावर पिणाऱ्या पोरांच्या टाळूवर.
त्या पोरांतली एक मी.

पोत्याबरोबर कागद येत नव्हता.
पोत्यावर मालकाचं नाव असायचं, आणि वजन.

डॉक्टर पट्टणशेट्टींनी चष्मा काढला.
“खुबा मोडून खाटेला लागलेली माणसं
मी दर महिन्याला बघतो.
ते दुसरं मी बघितलं नाही.
पण नाहीच, असं लिहून मागाल
तर देणार नाही.
छातीत जळलं, गिळताना दुखलं, तर थांबू नका, या.
पाच वर्षांनी बंद करायची का ते परत बघू.”
एवढंच. फी शंभर रुपये कमी घेतली.

मी दोन रविवार गोळी लपवली.
डाळीच्या डब्यात, तळाशी.
संपली, इराण्णाकडं आली नाही, म्हटलं.
ती काही बोलली नाही.
तिसऱ्या रविवारी सहाला उठले
तर उंबऱ्याशी ही उभी, ग्लास भरून,
पदराला तुरीचा भुसा.

“तू मला लहान करायलीस गे.”

मी म्हटलं, मल्लव्वा.
ती म्हणाली, मल्लव्वा आणि मी
एकाच चाळणीला दोन बाजूंनी धरून होतो.
ती गेली, मी पडले.
कुणाचं कशानं, ते तुझ्या मोबाईलला विचार,
आणि कळलं तर मला उठव.

पाणी सगळं प्याली. ग्लास उपडा करून दाखवला,
लहान मुलं दाखवतात तसा.

मग चौकट धरून सरळ.
चिकोडीची गाडी गेली. दूधवाला गेला.
दोरीवरचा एक चिमटा सुटून
तिच्या पायाशी पडला.
तिनं त्याच्याकडं बघितलं.
बराच वेळ बघितलं.
हात गुडघ्यापर्यंत गेला आणि परत आला.

“किती झालं?”
अकरा मिनिटं.
“घड्याळ बंद आहे तुझं,” ती म्हणाली,
आणि चिमटा अंगठ्यानं
हळूच माझ्याकडं सरकवला.